पोटुशीच्या तोंडातला खर्रा



पत्रिकेवर आजचा विषय छापलाय ‘गर्भारपण आणि गांजा’. विषय बातमीतला आहे. ओडिशा-आंध्राकडून येणाऱ्या गाडीत, आपल्याच नागपूर रेल्वे स्थानकावर गांजा पकडला, हे आपण दर थोड्या दिवसांनी वाचतो. त्यावर मी बोलणारच आहे. पण बाळंतपणं करण्यात जिचं आयुष्य गेलं तिला विचाराल तर नागपुरात आणि पूर्वेकडच्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत पोटुशी बाई गांजा ओढताना क्वचित दिसते. तिच्या गालात असतो तो सुपारी-तंबाखूचा खर्रा. तेव्हा गांजाचं आधी सांगते आणि उरलेला वेळ खर्र्याला देते. संयोजकांची हरकत नसावी.

गांजा या शहराला परका नाही. ज्या मध्य प्रांताचा कारभार नागपुरातून चालायचा, त्याच प्रांतात निमाडात, खंडव्याकडे, इंग्रज सरकारच्या परवान्यानं गांजा पिकायचा आणि त्यावर कर मिळायचा. १८९३-९४ साली सरकारनं नेमलेला आयोग सगळ्या प्रांतांतून गांजा-भांगेची चौकशी करत फिरला. पुढं १९८५ चा कायदा आला. त्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. नुसती पानं त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणून महाशिवरात्रीला आणि होळीला भांग घोटली जाते आणि ती घेणाऱ्याला आपण काही गुन्हेगार समजत नाही. कायद्यानं फूल आणि पान वेगळं काढलं. वारेनं ते काढलेलं नाही. नशा आणणारा टीएचसी हा पदार्थ दोन्हीत आहे, तो चरबीत विरघळतो, वारेतून आरपार जातो आणि अंगावरच्या दुधातही उतरतो. २०१८ साली अमेरिकेत दूध तपासलं, तेव्हा शेवटच्या सेवनानंतर सहा दिवसांपर्यंत तो सापडला. म्हणजे ‘परवाच घेतली होती, आता काही नाही’ या म्हणण्याला अर्थ नाही. आमच्याकडे सणाच्या दिवशी पाचव्या महिन्यातल्या सुनेच्या हातात थंडाईचा पेला देणारी माणसं वाईट नसतात. घोटभरानं काय होतं, एवढंच त्यांच्या मनात असतं.

काय होतं त्याचा मोठा हिशेब कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतानं मांडला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात साडेसहा लाखांहून अधिक बाळंतपणं होती. गांजा घेणाऱ्या बायका बहुधा सिगारेटही ओढतात, गरीबही असतात. म्हणून अशा बाबतींत सारख्या असलेल्या बायकांशी त्यांची तुलना केली. तरीही दिवस पुरे होण्याआधी बाळंत होणाऱ्यांचं प्रमाण न घेणाऱ्यांत ७.२ टक्के, तर घेणाऱ्यांत १०.२ टक्के निघालं. मुलाच्या मेंदूवर पुढं काय परिणाम होतो, याचं उत्तर इतकं नेमकं अजून कुणाकडे नाही. मात्र गर्भाच्या मेंदूत या पदार्थाला पकडणाऱ्या जागा फार लवकर तयार होतात, हे ठाऊक आहे, आणि मला तेवढं पुरतं.

आता कोलोराडोची गोष्ट. या सभागृहात निदान दहा जणी अशा असतील ज्या लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला जाऊन आल्या किंवा जाणार आहेत, तेव्हा ऐका. त्या राज्यात २०१४ पासून गांजा दुकानात उघड मिळतो. तिथल्या काही डॉक्टरांनी अशा ४०० दुकानांना फोन लावले. फोनवरची बाई म्हणायची, मला आठवा आठवडा लागलाय, मळमळ फार होते, काय घेऊ? जवळपास ७० टक्के दुकानांतून सल्ला मिळाला की अमुक गांजा घ्या. गल्ल्यामागं बसलेला माणूस डॉक्टर झाला! त्यातली खरी गंमत अशी, की गांजा वर्षानुवर्षं घेणाऱ्या काहींना त्याच गांजानं उलट्यांचा आजार जडतो. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी २००४ साली त्याचं वर्णन केलं. असली बाई गरोदर असली तर तिला वाटतं डोहाळेच आहेत, आणि ती आणखी गांजा घेते. तेव्हा लेकीकडे गेलात आणि स्वयंपाकघरातल्या डब्यात रंगीत, जेलीसारख्या गोळ्या दिसल्या तर विटॅमिन समजून गप्प बसू नका. कशाच्या आहेत ते तिला नीट विचारा.

आता घरी येऊ.

आपल्या पानठेल्यावर खर्रा कसा होतो ते तुम्ही पाहिलंय, पण थांबून पाहिलंय का? पोरगा प्लास्टिकची पन्नी पसरतो. तिच्यावर सुपारीचा चुरा, चिमूटभर तंबाखू, बोटावरचा चुना, पाण्याचे थेंब. पन्नी मिटतो आणि फळीवर तळहातांनी घोटायला लागतो, सुपारी ओलसर, तपकिरी आणि एकजीव होईपर्यंत. मग पुरचुंडी, रबर, आणि गिऱ्हाईक. या सगळ्यात सर्वांत हुशार जिन्नस चुना आहे. चुन्यामुळं निकोटीन मोकळं होतं आणि गालाच्या आतल्या पातळ कातडीतून भराभर रक्तात जातं. बाईच्या रक्तातून ते वारेत जातं. गर्भाच्या रक्तात त्याचं प्रमाण आईच्या रक्तापेक्षा साधारण १५ टक्के जास्तच भरतं. वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात आणि बाळाला मिळणारं रक्त कमी होतं. यात धूर कुठेच नाही. धूर नाही म्हणून धोका नाही, हा समज मात्र फार पक्का आहे.

हा समज मुंबईच्या संशोधकांनी मोडला. २००४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांचा अभ्यास आला. मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायका. त्यांतल्या तंबाखू वापरणाऱ्या बहुतेक जणी मिश्री लावणाऱ्या. आपल्याकडे मिश्रीच्या जागी खर्रा आहे, पूर्वेकडे गुडाखू आहे, गडचिरोलीकडे नस आहे, सगळी तंबाखूच. मुंबईतल्या त्या तंबाखू वापरणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी होती आणि साधारण सहा दिवस आधी जन्मली. १०५ ग्रॅम ऐकायला किरकोळ वाटतात, भाजीवाली तेवढं वरून घालते. पण आपल्याकडच्या बाळांचं वजन मुळातच अडीच किलोच्या रेषेला घासून जातं. त्या रेषेवरच्या बाळाचे १०५ ग्रॅम गेले की ते कमी वजनाच्या यादीत जातं, आणि तिथून पुढं दूध ओढता न येणं, अंग गार पडणं, जंतुसंसर्ग ही सगळी रांग लागते. २००६ च्या पुढच्या अहवालानं याहून कठीण आकडा दिला. तंबाखू न वापरणाऱ्यांत मृत बाळ जन्मण्याचं प्रमाण ३.१ टक्के होतं, वापरणाऱ्यांत ८.९ टक्के. त्याच बायकांमध्ये रक्तक्षयही जास्त आढळला. महाराष्ट्रात दर १०० गरोदर बायांपैकी जवळजवळ ४६ जणींचं रक्त कमी आहे, असं २०१९-२१ चं राष्ट्रीय सर्वेक्षण सांगतं. आपल्या भागात सिकलसेलही आहे. आधीच कमी असलेल्या रक्तावर हा भार.

आणि मी अजून सुपारीवर आले नाही. तंबाखूला सगळे शिव्या देतात, सुपारीला कुणी नाही, कारण ती पूजेत असते, ओटीत असते. पण सुपारीतला अरेकोलिन स्वतंत्रपणे वारेतून जातो. तैवान आणि पापुआ न्यू गिनी या सुपारीच्या मुलखांत, सुपारी चघळणाऱ्या आयांची बाळं हलकी आढळली आहेत. तंबाखू वगळून नुसती सुपारी घोटून मागणारी गरोदर बाई मला अनेकदा भेटते. तिला वाटतं, आपण केवढा मोठा त्याग केला.

ती खाते कशासाठी? पापुआ न्यू गिनीतल्या बायकांनी संशोधकांना जे सांगितलं, तेच मला इथल्या बाया सांगतात: मळमळ थांबते, तोंडाचा घाण वास जातो. त्यात आपल्या बाया आणखी दोन कारणं घालतात. धानाच्या बांधीत पाठ वाकवून रोवणी करताना भूक लागत नाही. दात ठणकत असला तर बधिर होतो. ही कारणं खोटी नाहीत. निकोटीन भूक खरंच मारतं. पण सातव्या महिन्यातल्या बाईची भूक मारणं म्हणजे काय, हे मी या सभेला समजावून सांगायची गरज नाही.

मग ती खाते हे कळतं कसं? बहुतेक वेळा कळतच नाही. एका दवाखान्यातला प्रसंग सांगते. केसपेपरवर ‘व्यसन’ असा रकाना होता आणि त्यापुढं आधीच कुणीतरी ‘नाही’ लिहून ठेवलेलं. बाई सहाव्या महिन्याची, पोटाची उंची चौथ्याची. बोलताना तिच्या गालात काहीतरी होतं. मी विचारलं, नशापाणी? ती दुखावली. म्हणाली, “नशा नाही करत जी मी, खर्रा खातो फक्त.” किती? “दिवसाला दोन-तीन पन्न्या.” कोण आणून देतं? “हेच आणते न जी.” म्हणजे नवरा. तिनं काही लपवलं नव्हतं. तिला कुणी नाव घेऊन विचारलंच नव्हतं.

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १७ टक्के बायका तंबाखू वापरणाऱ्या निघाल्या, आणि त्यांत धुराचा वाटा नगण्य होता. तेव्हा तपासणीत ‘सिगारेट ओढता का’ हा प्रश्न विदर्भातल्या बाईला विचारणं म्हणजे वेळ घालवणं. नागपुरातलं डागा रुग्णालय असो, मेयो असो, मेडिकल असो की खेड्यातलं प्राथमिक आरोग्य केंद्र, दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर मातांची जी खास तपासणी होते, तिथं एकेक नाव घेऊन विचारावं लागतं: खर्रा? सुपारी? गुडाखू? नस? भांग? गांजा? आणि विचारताना कपाळाला आठी नको. आठी पडली की पुढच्या खेपेला ती तोंड धुऊन येते आणि ‘नाही’ म्हणते.

बंदीचं काय, असं कुणीतरी नंतर विचारेलच. राज्यात २०१२ पासून गुटखा बंद आहे, पुढच्या आदेशांत खर्रा-मावाही आले. पानठेले तुमच्या डोळ्यांसमोर आहेत. विदर्भातल्या बायांनी दारूविरुद्ध मोठी लढाई केली; गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी आली ती त्यांच्या जोरावर. पण दारू नवरा प्यायचा आणि मार ती खायची, म्हणून तिचा राग पेटला. खर्रा कुणाला मारत-झोडत नाही. तो घरात सगळे मिळून खातात, सासू सुनेला देते, पाहुण्याला विचारतात. त्याच्याविरुद्ध मोर्चा निघणं अवघड. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं २०१६ पासून मुक्तिपथ अभियानात दारूच्या जोडीला तंबाखूही घेतला, हे मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं.

खर्रा सोडायचा कसा? पहिले तीन-चार दिवस वाईट. डोकं दुखतं, चिडचिड होते, शौचाला साफ होत नाही. दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. हे आधी सांगून ठेवलं की बाई घाबरत नाही. मळमळीसाठी सकाळी उठल्याउठल्या मूठभर लाह्या किंवा मुरमुरे, थोड्याथोड्या वेळानं खाणं, आल्याचा तुकडा. नाहीच भागलं तर डॉक्सिलामिन आणि बी-सहा जीवनसत्त्वाची गोळी आहे, जुनी आहे, गरोदरपणात चालते, डॉक्टर लिहून देतात. दात ठणकत असेल तर तो गरोदरपणातही काढता येतो. ‘बाळंतपण झाल्यावर बघू’ असं म्हणून तिला परत पाठवू नका. विडी-सिगारेटच्या अभ्यासांत असं दिसलंय की पहिल्या तीन महिन्यांत सोडलं तर बाळाचं वजन जवळपास न ओढणाऱ्यांइतकं भरतं. नंतर सोडलं तरी फायदा होतोच. बोलायला कुणी नसेल तर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फुकट बोलता येतं.

आणि आशाताईंना एक विनंती. गरोदर बाई एकटी खर्रा सोडू शकणार नाही, कारण पन्नी रोज संध्याकाळी घरात येते. पुढच्या तपासणीला नवऱ्याला बाहेर बाकावर बसू देऊ नका, आत बोलवा. बायकोचं वजन, रक्त, पोटाची उंची त्याच्यासमोर सांगा. मग त्याला तोंड उघडायला सांगा आणि त्याचीच तीन बोटं उभी आत जातात का ते बघा. जात नसतील तर गालाची कातडी आवळायला लागलेली आहे. त्याला त्याच आठवड्यात मेडिकलच्या आवारातल्या दंत महाविद्यालयात पाठवा. पन्नी कोण आणतं हा प्रश्न मग वेगळा विचारावा लागत नाही.