मोटारीतला पिवळा दिवा आणि आपण केलेले फेरफार



या व्यासपीठावर तत्त्वज्ञान, इतिहास, अर्थकारण असे भारदस्त विषय येतात. त्यांच्या पंक्तीला मोटारीतला एक पिवळा दिवा बसलेला पाहून कोणास नवल वाटेल. परंतु सभागृहाबाहेर उभ्या असलेल्या मोटारींकडे पाहिले की आमचा धीर वाढतो. त्यांतल्या पुष्कळ मोटारी पेट्रोलवर चालण्यासाठी जन्मल्या आणि पुढे मालकाने त्यांना गॅसचे किट बसवले. मोटारीत केले जाणारे फेरफार नाना प्रकारचे असतात. पण आपल्याकडे संसारी माणूस जो फेरफार करतो तो हाच. म्हणून आजचे विवेचन आम्ही तेवढ्यापुरतेच ठेवणार आहोत.

‘चेक इंजिन’ हा दिवा म्हणजे इंजिनाच्या आकाराचे एक पिवळे चित्र. चावी फिरवली की ते उजळते आणि इंजिन सुरू झाले की मावळते. ते मावळले नाही, अथवा रस्त्यात मध्येच उजळले, की मालकाच्या पोटात गोळा उठतो. तेलाचा दाब गेला, बॅटरी भरेना, यांचे दिवे निराळे, आणि ते लाल असतात. हा पिवळा दिवा मुख्यत्वे धुराचा राखणदार आहे. त्याचे कूळ शोधू गेल्यास आपल्याला अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरी जावे लागते. तिथे भर दिवसा डोळे चुरचुरवणारे धुके पडे. मोटारींच्या आणि कारखान्यांच्या धुरावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ते तयार होते, हे आरी हागेन-स्मिट या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञाने १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत दाखवून दिले. पुढे कॅलिफोर्निया राज्याने १९८८च्या मोटारींपासून असा दंडक घातला की, धूर आवरणाऱ्या यंत्रणेत बिघाड झाला तर मोटारीने तो स्वतः ओळखून चालकाला दाखवावा. १९९६ पासून साऱ्या अमेरिकेत त्याची एकच पद्धत, सोळा टाचण्यांचा एकच जोड आणि एकच संकेतावली रूढ झाली. आपल्याकडेही २०१० नंतर टप्प्याटप्प्याने हीच व्यवस्था आली. स्टिअरिंगच्या खाली हात घालून चाचपले तर तो जोड आपल्यालाही सापडेल.

आता हा संगणक हिशेब कसा ठेवतो ते पाहू. सारे रहस्य तिथेच आहे. एक भाग पेट्रोल पुरते जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. संगणक आत येणाऱ्या हवेचा अंदाज घेऊन तितके पेट्रोल सोडतो. अंदाज बरोबर होता की चुकला, हे त्याला धुराच्या नळीत बसवलेला ऑक्सिजन सेन्सर सांगतो. जळून उरलेला प्राणवायू जास्त दिसला तर मिश्रण पातळ, कमी दिसला तर दाट. त्याप्रमाणे संगणक पेट्रोल थोडे वाढवतो अथवा कापतो, आणि ही दुरुस्ती टक्क्यांत लिहून ठेवतो. मेस्त्री लोक तिला फ्युएल ट्रिम म्हणतात. तिच्या दोन वह्या असतात. एक क्षणोक्षणीची, म्हणजे आपली रोजकीर्द; दुसरी मुरलेल्या सवयीची, म्हणजे खतावणी. दोन्हींची बेरीज शून्याच्या आसपास असली की घर सुखी. ती बरीच वर चढली, बहुतेक मोटारींत वीस-पंचवीस टक्क्यांच्या घरात गेली, की संगणक हात टेकतो आणि पी ०१७१ असा संकेत नोंदवून दिवा लावतो. अर्थ एवढाच की, ‘मिश्रण पातळ आहे आणि माझ्याने ते सावरत नाही.’

गॅसचे किट बसवले म्हणजे या घरात एक दुभाषा येतो. किटचा स्वतःचा छोटा संगणक असतो. मूळ संगणक पेट्रोलच्या इंजेक्टरला आज्ञा देतो. दुभाषा ती मध्येच अडवतो, पेट्रोलचा इंजेक्टर बंद ठेवतो आणि त्या आज्ञेचे गॅसच्या भाषेत भाषांतर करून गॅसचा इंजेक्टर उघडतो. गॅसला हवाही निराळी लागते, वजनाने सुमारे १७ भाग. मौज अशी की, मूळ संगणकाला या स्थित्यंतराची वार्ताच नसते. आपण पेट्रोलच सोडत आहोत, अशी त्याची शेवटपर्यंत समजूत असते. मग भाषांतर चुकले तर तो दोष कोणाला देणार? ज्या गोष्टी त्याला ठाऊक आहेत त्यांनाच. संकेतावली मूळ मोटारीसाठी लिहिलेली आहे. गॅसच्या नळ्या, रेड्युसर, मॅनिफोल्डला पाडलेली चार नवी भोके यांचे नावही तिच्यात नाही. (कारखान्यातूनच गॅसवर निघालेल्या मोटारींची गोष्ट वेगळी, तिथे दोन्ही इंधनांचा हिशेब उत्पादकानेच जुळवून दिलेला असतो.)

म्हणूनच स्कॅनर लावला, ०१७१ दिसले, ऑक्सिजन सेन्सर बदलला, आणि आठवड्याने दिवा पुन्हा हजर, हा प्रकार इतका वारंवार घडतो. चोर सोडून संन्याशाला फाशी! सेन्सरने बापड्याने खरी साक्ष दिली होती. त्यातही तो फक्त प्राणवायू ओळखतो, पेट्रोल ओळखत नाही, हे विसरता कामा नये. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगीच पडली नाही, तर तिथली न जळलेली हवा तशीच बाहेर येते आणि तो म्हणतो, ‘पातळ’. सेन्सरच्या अलीकडे धुराच्या नळीचा सांधा फुटला आणि बाहेरची हवा आत ओढली गेली, तरी तो म्हणतो, ‘पातळ’.

तर मग निदान करावे कसे? पहिली गोष्ट, संकेत पुसू नये. संकेत नोंदताना संगणक त्या क्षणाचे एक चित्र जपून ठेवतो: इंजिनाचे फेरे किती, पाणी किती तापलेले, भार किती. पुसले की हा पुरावाही जातो. चित्रात पाणी थंड असेल, तर गॅसला बहुधा निर्दोष सोडावे लागेल, कारण इंजिन थोडे तापल्यावाचून किट गॅसवर जातच नाही. आणि पुष्कळदा खरे उत्तर ‘किट कधी बसवले आणि दिवा कधी लागला’ एवढ्या प्रश्नातच मिळून जाते.

त्यानंतर किट बसवलेल्या मोटारीला देवाने दिलेली एक सोय वापरावी. तिला दोन इंधने आहेत, तेव्हा दोन्हींवर तीच परीक्षा घ्यावी. स्कॅनर लावून मोटार आधी पेट्रोलवर बराच वेळ चालवावी, कारण खतावणीतली जुनी सवय लगेच जात नाही. मग आयडलिंगवर एकदा आणि अडीच हजार फेऱ्यांवर एकदा ट्रिमचे आकडे कागदावर उतरवावेत. हेच पुन्हा गॅसवर करावे. समजा, पेट्रोलवर बेरीज दोन-तीन टक्के आहे आणि गॅसवर वीस झाली. मग मूळ इंजिन निरोगी आहे. गॅसचा फिल्टर तुंबला आहे, रेड्युसरचा दाब उतरला आहे, इंजेक्टर थकले आहेत, नाहीतर दुभाष्याची जुळणीच नीट झालेली नाही. त्याच्या स्वतःच्या नोंदी निराळ्या जोडातून वाचाव्या लागतात. त्या किट बसवणाऱ्याकडूनच पाहून घ्याव्यात. उलट गॅसवर ठीक आणि पेट्रोलवर भार पडताच पातळ, असे दिसले तर पेट्रोलचा पंप वा इंजेक्टर पाहावा. स्वस्त गॅसच्या नादात टाकीत जेमतेम चार घोट पेट्रोल ठेवून महिनोन्महिने फिरणारे लोक आहेत; टाकीतला पंप त्या पेट्रोलनेच थंड राहतो, हे त्यांना पंप जळाल्यावर कळते.

दोन्ही इंधनांवर पातळ, आयडलिंगला जास्त आणि फेरे वाढताच कमी, असे आकडे आले तर कुठून तरी न मोजलेली हवा शिरते आहे. आधी त्या नव्या भोकांकडे जावे. गॅसच्या तोट्यांचे आटे सैल झालेले, रबरी नळीला चीर गेलेली, हे बोनेट उघडून बोटाने चाचपूनही सापडते. अर्थात येणारी हवा मापकाने मोजणाऱ्या मोटारीतच हे चिन्ह स्वच्छ दिसते. मॅनिफोल्डचा दाब पाहून हवा ठरवणाऱ्या मोटारीत चोरवाट असेल तर बहुधा आयडलिंगचे फेरेच चढलेले दिसतात. ही चोरवाट शोधायला चालत्या इंजिनावर पेट्रोल किंवा क्लीनर फवारण्याची काही गॅरेजांत पद्धत आहे, ती आम्हाला मुळीच पसंत नाही. धूर सोडून तपासण्याचे यंत्र मिळते. गॅसच्या सांध्यांना तर साबणाचा फेस पुरतो.

०३०० ते ०३०४ या संकेतांचा अर्थ ठिणगी चुकते आहे, मेस्त्रीच्या भाषेत मोटार मिसिंग करते आहे. गॅसच्या मिश्रणात ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त विद्युद्दाब लागतो. म्हणून पेट्रोलवर खपून जाणारा झिजका प्लग आणि म्हातारी कॉइल गॅसवर उघडी पडतात. येथे आधी प्लग पाहावेत. ते काम स्वस्तही आहे.

दिवा स्थिर असेल तर घरी जाऊन शांतपणे हे सारे करता येते. तो लुकलुकू लागला तर मात्र वेग कमी करून मोटार बाजूला घ्यावी. न जळलेले इंधन तेव्हा धुराच्या नळीतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटत असते. त्याच्या आतल्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा थर असतो, आणि ती जाळी वितळली म्हणजे प्लगच्या किमतीत सुटणारे दुखणे हजारो रुपयांवर जाते. नंतर येणारा ०४२० हा संकेत पुष्कळदा अशा दुर्लक्षाचीच पावती असते. तो संकेत येऊ नये म्हणून मागचा सेन्सर नळीपासून दूर उचलून बसवणारे, किंवा सरळ दिवाच मारून टाकणारे कारागीर आपल्या शहरात आहेत. त्यांना पैसे देणारा गृहस्थ शेजाऱ्याच्या मुलांच्या फुफ्फुसांवर आपली बचत करतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुरुस्ती झाल्यावर संकेत पुसायला हरकत नाही. न पुसताही, दोष खरोखर गेला असेल तर लागोपाठ तीन निर्दोष फेऱ्यांनंतर दिवा सामान्यतः आपण होऊन मावळतो. तो मावळेपर्यंत मोटार काही दिवस पेट्रोलवर आणि काही दिवस गॅसवर चालवावी, दोन्हींचे ट्रिमचे आकडे पुन्हा उतरवून घ्यावेत, आणि तारीख घालून तो कागद आरसी बुकाशेजारी ठेवून द्यावा. पुढच्या खेपेला मेस्त्री दुसरा असला, तरी त्याला तो उपयोगी पडेल.