बीजाची पोथी कोणाच्या पैशाने वाचावी?

(सुवर्णमहोत्सवानिमित्त योजलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या पंगतीत साहित्य, संगीत आणि नाट्य यांना मानाचे पान असावे हे योग्यच आहे. त्याच पंगतीत वनस्पती आणि सूक्ष्मजीव यांच्या जनुकसंचाच्या संशोधनालाही पान मांडण्याची अनुमती कार्यकारिणीने दिली, याबद्दल आम्ही तिचे ऋणी आहोत. विषय काहीसा रूक्ष वाटेल. परंतु ज्या नगरीत १९६४ साली जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय स्थापन झाले, त्या जबलपुरास तो परका खचितच नाही.

प्रत्येक सजीवाच्या पेशीत त्याच्या घडणीची जणू एक पोथी असते. ती केवळ चार रासायनिक अक्षरांत लिहिलेली असते. ही अक्षरे ओळीने वाचून काढणे म्हणजेच जनुकसंचाचे वाचन. भाताच्या पोथीत सुमारे ३९ कोटी अक्षरे असून तिचे १२ अध्याय, म्हणजे गुणसूत्रे, आहेत. दहा देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून ती वाचली आणि २००५ साली प्रसिद्ध केली. अकराव्या गुणसूत्राचा एक भाग भारताच्या वाट्यास आला होता. दिल्ली विद्यापीठाचा दक्षिण परिसर आणि भारतीय कृषी संशोधन संस्था येथे ते काम झाले व केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाने त्यास अर्थसाहाय्य दिले. त्याच काळात दोन बहुराष्ट्रीय कंपन्यांनीही भाताचे कच्चे वाचन केले होते; परंतु त्या माहितीच्या वापरावर अटी होत्या. सार्वजनिक पैशाने वाचलेली पोथी मात्र कोणत्याही देशातील विद्यार्थ्यास विनामूल्य उघडता येते. आमच्या आजच्या प्रतिपादनाचा गाभा हाच आहे.

अशा वाचनाचा शेतकऱ्यास लाभ काय? ओडिशातील एका जुन्या देशी भातात पुराच्या पाण्याखाली तग धरण्याची शक्ती होती. तिचे जनुक २००६ साली निश्चितपणे ओळखले गेले. पुढे नेहमीच्या संकराच्या मार्गानेच, पण जनुकीय खुणांच्या आधारे, ते ‘स्वर्णा’ या लोकप्रिय वाणात उतरविण्यात आले. ‘स्वर्णा-सब१’ हे नवे वाण सुमारे दोन आठवडे पाण्याखाली राहूनही पुन्हा उभे राहते. २००९ साली ते भारतात प्रसारित झाले.

भात हे जगाचे पीक. त्याला वाली पुष्कळ. आपल्या वरणाच्या तुरीचे काय? ती कोरडवाहू शेतकऱ्याची, घरचेच बी पुढील वर्षी पेरणाऱ्याची. दरवर्षी बी विकण्यावर ज्याचा नफा अवलंबून आहे, तो अशा पिकावर भांडवल कशास घालील? म्हणूनच २०११ साली भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या दिल्लीतील संस्थेत डॉ. नगेंद्रकुमार सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुरीच्या ‘आशा’ या वाणाचा जनुकसंच वाचला, ही घटना आम्हांस मोलाची वाटते. त्याच वर्षी हैदराबादजवळील ‘इक्रिसॅट’ या संस्थेच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय गटानेही तुरीचे वाचन प्रसिद्ध केले.

आता घरचे उदाहरण घेऊ. येथील विश्वविद्यालयाने मध्य प्रदेशात सोयाबीन रुजविण्यात मोठा वाटा उचलला. त्याच्या तत्कालीन सीहोर महाविद्यालयात निपजलेले ‘जे. एस. ३३५’ हे वाण १९९४ साली प्रसारित झाले आणि विदर्भ-मराठवाड्यातील आपल्या आप्तेष्टांच्या शेतांतही पोहोचले. पुढे ते पिवळ्या मोझॅक रोगाला बळी पडू लागले. सोयाबीनचा जनुकसंच अमेरिकेने २०१० साली, तर त्याच्या मुळांवरील गाठींत राहून हवेतील नत्र पिकास मिळवून देणाऱ्या जीवाणूचा जनुकसंच जपानने २००२ साली प्रसिद्ध केला. दोन्ही पोथ्या सर्वांना खुल्या आहेत. परंतु आपल्या काळ्या मातीत कोणता जीवाणू टिकतो आणि आपल्या पावसाळ्यात कोणते वाण रोगाला दाद देत नाही, हे आपल्यासाठी परदेशातून कोण येऊन पाहणार?

येथे एक आक्षेप निघतो. शाळा आणि दवाखाने यांनाच पैसा पुरत नाही, तेथे अक्षरे वाचण्यावर खर्च कशास? आक्षेप क्षुल्लक नाही. नियतकालिकातील निबंधापाशीच थांबणारे संशोधन शेतकऱ्याच्या उपयोगी पडत नाही, हे आम्हांसही मान्य आहे. वाचन आता पूर्वीच्या मानाने पुष्कळ स्वस्त झाले आहे. खरा खर्च आहे तो बियाणे व सूक्ष्मजीव वर्षानुवर्षे जिवंत राखण्याचा आणि शेतावरील चाचण्यांचा. पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या छत्राखाली २००९ साली जैवतंत्रज्ञान विभागाच्या अनुदानातून सूक्ष्मजीवांचा संग्रह उभा राहिला. अशा संग्रहाचे अनुदान एक वर्ष जरी आटले, तरी गेलेला जीव परत आणता येत नाही.

देशाचा संशोधनावरील एकंदर खर्च २०२०-२१ साली सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता. २०२३ साली राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा झाला. त्याच्या पाच वर्षांच्या ५०,००० कोटी रुपयांच्या योजनेतील मोठा हिस्सा शासनाबाहेरून यावा, अशी कल्पना मांडण्यात आली. खाजगी धनाचे स्वागतच आहे. परंतु तूर आणि कुटकी त्याच्या दारात ताटकळत राहू नयेत.

कुटकीचे नाव आम्ही सहेतुक घेतले. शेजारच्या डिंडोरी जिल्ह्यातील लहरीबाई या बैगा महिलेने कोदो-कुटकीसारख्या भरडधान्यांची अनेक जुनी वाणे मातीच्या कणग्यांत जतन केली. २०२३ साली राष्ट्रपतींच्या हस्ते तिचा वनस्पती-जनुकसंपदा रक्षक शेतकरी म्हणून गौरव झाला. कोणत्याही अनुदानाची वाट न पाहता तिने पोथी सांभाळली. ती वाचण्याचा आणि वाचनाचे फळ तिच्या गावापर्यंत परत नेण्याचा खर्च समाजाने उचलावयाचा, की तोही तिच्यावरच सोडावयाचा?

आपले मंडळ ही काही शास्त्रसंस्था नव्हे. तथापि दोन गोष्टी आपणांस सहज करता येतील. या नगरीतील शास्त्रज्ञांना वर्षातून एकदा येथे पाचारण करून त्यांचे काम मराठीत ऐकावे. आणि मते मागावयास येणाऱ्या उमेदवारास, बियाण्यांच्या व सूक्ष्मजीवांच्या संग्रहांसाठी तो काय करणार, असा प्रश्न विचारावा. तिजोरी आपली आहे. तेव्हा विचारण्याचा अधिकारही आपलाच आहे.