ठोके ताळ्यावर, माणसाचं काय?

ठोके का चुकतात आणि ईसीजी कसा वाचतात हे आपल्याला ठाऊकच आहे, तेव्हा थेट भांडणाला हात घालतो. ठोक्यांच्या गोळ्यांबद्दल रुग्ण जे सांगतो तो पुरावा समजावा, कुरकूर म्हणून सोडून देऊ नये, असा माझा हट्ट आहे. पुढच्या रांगेतल्या डॉक्टरमंडळींनी इतक्यातच घड्याळ पाहू नये! (हशा) या गोळ्यांतलं एक औषध तर रुग्णानेच दाखवून दिलं. १९१२ साली वेंकेबाख या डच वैद्याकडे एक व्यापारी आला. नाडी अनियमित. यावर इलाज नाही, असं वेंकेबाखनी सांगितलं. व्यापारी म्हणाला, उद्या सकाळी नाडी नीट करूनच येतो. आणि खरंच तसा आला! पूर्वेकडच्या डच वसाहतींत हिवतापावर क्विनीन घेणाऱ्या या गृहस्थाला एक ग्रॅम घेतलं की ठोके ताळ्यावर येतात, हे आपलं आपणच उमगलं होतं. वेंकेबाखनी ते हसण्यावारी न नेता १९१४ मध्ये छापलं, आणि १९१८ मध्ये फ्राय यांनी क्विनीनचंच भावंड, क्विनिडीन, पुढे आणलं. असो, व्यापाऱ्यानेच माझा निम्मा वेळ खाल्ला.

यावर आक्षेप येतो की रुग्णाचं सांगणं बेभरवशाचं, कागदावरची रेघ खरी. त्या रेघेचीही परीक्षा झाली आहे. एका चाचणीत हार्ट अटॅकनंतर जादा ठोके पडणाऱ्यांना ते दाबणारं एन्केनाइड किंवा फ्लेकेनाइड दिलं. ठोके छान दबले. पण सरासरी दहा महिन्यांत औषधावरच्या ७५५ पैकी ६३ जण दगावले, तर नुसत्या दिखाऊ गोळीवरच्या ७४३ पैकी २६. त्या चाचणीचा हा भाग १९८९ मध्ये थांबवावा लागला. हे मोजणीने उघड झालं, रुग्णांच्या तक्रारींनी नाही, हे मला मान्य आहे. पण रेघ सुधारली म्हणजे माणूस सुधारला, हा भरवसा त्या मोजणीनेच मोडला. आता ठोक्यांवरचंच अमिओडारोन घ्या. २०० मिलिग्रॅमच्या गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन. औषध अंगात महिनोन्‌महिने मुरतं, बंद केल्यावरही रेंगाळतं. म्हणून थायरॉइड आणि लिव्हरच्या तपासण्या साधारण दर सहा महिन्यांनी करायच्या. पण दोन तपासण्यांच्या मधे काय? ‘थंडी सोसत नाही’, ‘दिव्याभोवती वलय दिसतं’, ‘कोरडा खोकला जात नाही, जिन्यात धाप लागते’. यातलं प्रत्येक वाक्य वयाच्या खात्यावर टाकता येतं, आणि खोकला-धाप ही फुप्फुसाला इजा झाल्याची खूण असू शकते.

‘दुष्परिणाम विचारले की लोकांना ते होऊ लागतात,’ असं कुणीतरी मागून पुटपुटतंय. होतंही तसं थोडंफार. पण ज्याला कुणी विचारत नाही तो गोळी गुपचूप सोडतो, आणि त्याची नोंदच उरत नाही. अध्यक्षांची चिठ्ठी आली, ठोक्यांवरचं आणखी एक औषध, डिगॉक्सिन, राहिलंच. डॉक्टर, रुग्णाचं वाक्य त्याच्याच शब्दांत, तारखेसह केसपेपरवर लिहा. आणि गोळ्या घेणाऱ्यांनो, मनाने एकही बंद करू नका. पण धाप लागली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता जाऊन सांगा.