सुटलेली प्रार्थना पुन्हा धरताना

झाई, बोर्डी, डहाणू, तलासरी, जिथून ऐकत असाल तिथे हातातलं काम चालू ठेवूनच ऐका.

आज विश्वासाबद्दल बोलायचं आहे. बोलणं मुख्यतः आपल्या ख्रिस्ती बहिणींसाठी आहे, पण देवाचं नाव घेणाऱ्या कोणालाही ते लागू पडेल.

एके काळी रोज प्रार्थना व्हायची, रविवार चुकत नव्हता. मग घरात आजारपण आलं. किंवा घरधनी ओखा-पोरबंदरच्या बोटीवर गेला आणि सगळा भार एकटीवर पडला. किंवा दिवाळीनंतर घर बंद करून वीटभट्टीवर जावं लागलं. प्रार्थना सुटली. आधी वेळ नव्हता म्हणून सुटली. पुढे वेळ मिळाला, तरी पाऊल उचलेना. आता कोणत्या तोंडाने जाऊ, असं वाटायला लागलं.

बचत गटात हेच होतं. दोन हप्ते थकले की बाई तिसऱ्या बैठकीला येत नाही. कधी कधी पैसे हातात असतात, पण सगळ्यांसमोर आपली थकबाकी वाचली जाईल, ही धास्ती असते. थकबाकीपेक्षा लाजच माणसाला जास्त लांब नेते.

बायबलमधला पेत्र आठवा. तो मासेमारी करणारा, आपल्यातलाच. प्रभू येशूला पकडून नेलं त्या रात्री तो अंगणातल्या शेकोटीपाशी उभा होता आणि त्याने तीन वेळा सांगितलं, मी याला ओळखत नाही. नंतर तो खूप रडला. पुढे एकदा तो सोबत्यांबरोबर समुद्रावर गेला. रात्रभर जाळं टाकलं, हाती काही नाही. पहाटे किनाऱ्यावर येशू उभा होता. त्याने विस्तव पेटवला होता, त्यावर मासे ठेवले होते, भाकर होती. त्याने पेत्राला आधी जाब विचारला नाही. आधी जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर तीन वेळा विचारलं, तुझं माझ्यावर प्रेम आहे ना? जितक्या वेळा नाकारलं, तितक्याच वेळा होकार द्यायची संधी दिली. आणि प्रत्येक वेळी कामही सोपवलं: माझ्या माणसांची काळजी घे. परत येणाऱ्याला कोपऱ्यात बसवलं नाही.

दुसरं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलं, पंडिता रमाबाईंचं. आई-वडील दुष्काळात गेले, नंतर भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवराही गेला. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे मुंबईत शारदा सदन काढलं, ते पुण्याला नेलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, या बाईला काय कमी आहे? पण त्यांनी स्वतःच पुढे आपल्या साक्षीत लिहून ठेवलं की, बाप्तिस्म्यानंतरची कित्येक वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, खुद्द ख्रिस्त मिळाला नव्हता. १८९१ च्या सुमाराला त्यांचं मन निवलं. एवढी विद्वान बाई, पण आतली कोरड तिने झाकली नाही. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मोठी जागृती झाली. तिचीही सुरुवात बायकांनी रोज एकत्र प्रार्थनेला बसण्यापासून झाली होती.

मग आपण काय करायचं?

पहिलं, देवाला खरं सांगायचं. राग असेल तर राग सांगायचा. मूल गेलं, घर बुडालं, तर मन देवावर रुसतं. तेही बोलता येतं.

दुसरं, थोडं पण रोज. आपल्या गटाची पंचसूत्री आठवा. बैठक, बचत, कर्ज, परतफेड, नोंदी, पाचही ठिकाणी शब्द एकच: नियमित. मोठी रक्कम एकदम भरून गट उभा राहत नाही. चूल पेटवताना पाच मिनिटांची प्रार्थना पुरे, पण उद्याही हवी.

तिसरं, एकटीने नको. विश्वासातली एक मैत्रीण गाठा आणि तिला सांगा, मला रविवारी सोबत ने.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जगणं नकोसं वाटतं, तर तो विश्वास कमी पडल्याचा पुरावा समजू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन डॉक्टरांना सांगा. प्रार्थना आणि औषध एकमेकांच्या आड येत नाहीत.

शेवटचं सांगणं, ज्यांची वाट कधी सुटली नाही त्या बहिणींना. बऱ्याच दिवसांनी कोणी दारात आली, तर "इतके दिवस कुठे होतीस?" हा प्रश्न गिळून टाका. सरकून जागा करा, पाणी द्या, आणि जाताना एखादं काम तिच्या हाती सोपवा. येत्या रविवारी अशी एक तरी बहीण तुमच्या शेजारी बसलेली असू दे.