बर्फावर नाचणारी सोन्या हेनी

मंडळी, आपण लाडानं 'सोन्या' म्हणतो ना, तसंच या बाईचं नाव. देश नॉर्वे. बुटाखाली पोलादी पाती लावून बर्फावर नाचायचं, हा तिचा खेळ. १९२४ साली अकराव्या वर्षी ती ऑलिंपिकला गेली आणि शेवटची आली! पुढं मात्र १९२८, १९३२ आणि १९३६ अशी तीन सुवर्णपदकं तिनं मिळवली.

पण खेळाचे पैसे घेतले की ऑलिंपिकचं दार बंद, असा तेव्हा नियम होता. म्हणून १९३६ मध्ये तिनं स्पर्धा सोडल्या. बापलेक अमेरिकेत गेले. हॉलिवूडमध्ये बर्फाची जागा भाड्यानं घेऊन त्यांनी नाचाचा कार्यक्रम केला. सिनेमावाल्यांनी तो पाहिला. मग काय! सिनेमे झाले, गावोगाव खेळ झाले. सोन्या गडगंज श्रीमंत झाली. व्यवहाराला बाई पक्की.

मात्र त्याच साली जर्मनीत तिनं हिटलरला हात उंचावून सलाम केला होता. १९४० मध्ये हिटलरच्या फौजा नॉर्वेत घुसल्या. गावाकडची माणसं तो सलाम कसा विसरतील? तरी १९५३ साली ऑस्लोत तिच्या खेळाला गर्दी लोटली.

१९६८ साली तिनं व नवऱ्यानं ऑस्लोजवळ मोठं चित्रसंग्रहालय उभारलं. आपली चित्रं लोकांसाठी दिली. पुढच्याच वर्षी, ऑस्लोला येताना, विमानातच ती वारली.