बातमी उशिरा पोचते तेव्हा

आज १९ जून. अमेरिकेत आज सुट्टी आहे. आमच्या घरी नाही, कारण मृग लागून बारा दिवस झाले, सरकीच्या थैल्या घरात आहेत आणि आभाळाकडे पाहून पाहून बाबांची मान दुखायला लागली. तुमच्यापैकी बरेच जण हे ऐकता ऐकता अमरावती-अकोला बसमध्ये असाल, कोणी धुऱ्यावर असेल. दहा मिनिटं द्या. अमेरिकेचा विषय आहे, पण घरचाच आहे.

तर या सुट्टीचं नाव जूनटीन्थ. जून आणि नाइन्टीन्थ, दोन्ही मिळून एक शब्द. २०२१ मध्ये बायडेन यांच्या सहीनं ती साऱ्या देशाची अधिकृत सुट्टी झाली. पण तिथले काळे लोक हा दिवस दीडशेहून जास्त वर्षं पाळत आलेत.

गोष्ट अशी. १ जानेवारी १८६३ ला लिंकननं जाहीर केलं की बंड केलेल्या राज्यांतले गुलाम आजपासून मोकळे. टेक्सासही त्यातच येत होतं. पण टेक्सास पडलं लांब, तिथे लिंकनची फौज नव्हती. १९ जून १८६५ ला जनरल गॉर्डन ग्रेंजर फौज घेऊन गॅल्व्हस्टन बंदरात आला आणि तिथे हुकूम वाचला गेला, की सगळे गुलाम स्वतंत्र आहेत. टेक्सासमध्ये तेव्हा सुमारे अडीच लाख गुलाम होते. म्हणजे हक्क मिळाला १८६३ मध्ये आणि हातात पडला अडीच वर्षांनी.

या अडीच वर्षांत ते काय करत होते? शेतात राबत होते. आणि शेतात मुख्य पीक काय? कापूस. कुणाला कुणकुण लागली असेलही, पण मालकांनी कशाला सांगावं? सांगितलं तर वेचणीला माणूस कुठून आणायचा?

आता वऱ्हाडात या. तीच वर्षं.

१८५३ च्या तहानं निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलेलं. तिकडे इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या गिरण्या चालायच्या त्या मुख्यतः अमेरिकेच्या कापसावर, गुलामांनी वेचलेल्या. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली आणि गिरण्यांचा कापूस तुटला. मग इंग्रजांची नजर आपल्या काळ्या जमिनीवर. भाव असे चढले की मुंबईत पैसा उतू गेला. प्रेमचंद रायचंद यांचं नाव तुम्ही राजाबाई टॉवरमुळे ऐकलं असेल. तो टॉवर त्यांच्या आईच्या नावाचा आणि त्यांच्या देणगीतून उभा राहिला. या कापसाच्या तेजीतले ते सगळ्यात मोठे सटोडिये.

एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपलं. अमेरिकेचा कापूस पुन्हा येणार म्हटल्यावर भाव कोसळले आणि जुलैमध्ये मुंबईचा शेअरबाजार पार झोपला. तारखा जुळवून पहा: जूनमध्ये टेक्सासचे लोक मोकळे झाले, जुलैमध्ये मुंबईच्या पेढ्या बुडाल्या.

आणि गंमत काय, तर कापूस न्यायला जी रेल्वे टाकत होते ती नागपूरला पोचली १८६७ मध्ये. खामगावचा फाटा सुरू झाला १८७० मध्ये, त्याला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. तेजी आधी गेली, गाडी मागून आली. पण रूळ पडले ते पडले. जिन आले, प्रेस आले, आणि ज्वारीच्या वावरात पऱ्हाटी शिरली ती कायमची. मुंबईच्या पेढीवाल्याला लढाईची खबर डाकेनं कळायची. आपल्या पणज्याच्या पणज्याला कधी कळली असेल? भाव पडल्यावरच. कशामुळे पडला, हे कदाचित कधीच नाही.

आपल्याकडे हा इतिहास सांगायची एक पद्धत आहे. पांढरं सोनं, कापसाची पेठ, वऱ्हाडचा सोन्याचा कुडाचा काळ. मला ती खटकते. त्या तेजीच्या मुळाशी तिकडचं युद्ध होतं आणि त्या युद्धाच्या मुळाशी चाळीस लाखांच्या आसपास माणसांची गुलामी होती. हे महाराष्ट्रात एका माणसानं तेव्हाच ओळखलं होतं. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली आणि अर्पण केली अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी गुलामांना मोकळं करण्यासाठी झीज सोसली. ना व्हॉट्सॲप, ना टीव्ही. पुण्यात बसून त्यांनी तिकडचं दुःख आणि इकडचं दुःख शेजारी ठेवलं.

हे सगळं मी काल रात्री बाबांना सांगत होतो. बाबा म्हणाले, "त्या गुलामाचं अन् आपलं काय बे? आपण का गुलाम हावो?"

बरोबर बोलले. शेतकऱ्याला गुलाम म्हणायची आपल्याकडे भाषणात सवय आहे, ती मला आवडत नाही. ज्याला विकता येत होतं, ज्याचं लेकरू विकता येत होतं, त्याच्या दुःखाशी आपण आपलं दुःख मोजू नये. आणि कापसात सगळ्यात खाली कोण, हे पाहायचं असेल तर दिवाळीनंतर कोणत्याही वावरात जा. किलोच्या हिशोबानं वेचणाऱ्या बाया असतात, कमरेला ओटी बांधून. त्या शेतमालकाच्या भाषणात येत नाहीत. माझ्याही फारशा येत नव्हत्या.

पण एक गोष्ट मात्र आपल्या ओळखीची आहे. टेक्सासचे लोक मोकळे झाले, पण जमीन मिळाली नाही. मग बहुतेक जण जुन्या मालकांचीच जमीन बटईनं करू लागले. बियाणं उधार, किराणा उधार, आणि हिशोबाची वही मालकाकडे. वर्षअखेर कापूस मोजला की उलट देणंच निघायचं. हे ऐकून बाबा गप्प बसले. वहीची गोष्ट वऱ्हाडात समजावून सांगावी लागत नाही.

आता आजचं. २०२५ चा ऑगस्ट आठवा. ट्रम्प यांनी भारताच्या मालावर एकूण ५० टक्के कर लावला. आपल्या कापड कारखान्यांना फटका बसणार म्हणून केंद्रानं बाहेरून येणाऱ्या कापसावरचं ११ टक्के शुल्क १९ ऑगस्टपासून माफ केलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे बरोबर आपल्या सीतादहीच्या आणि वेचणीच्या दिवसांत. वॉशिंग्टनमध्ये सही झाली आणि दर्यापूरच्या खारपाणपट्ट्यात बोंड फुटायच्या आधीच भाव नरमला. गिरण्या जगाव्यात हे मला मान्य आहे. पण त्यांना वाचवायचा खर्च कोरडवाहू शेतकऱ्याच्या खिशातून का, हा माझा सवाल आहे आणि तो मी सोडणार नाही. तिकडे अमेरिका आपल्या कापूसवाल्याला इतकं अनुदान देत आली की ब्राझीलनं जागतिक व्यापार संघटनेत खटला भरला, जिंकला, आणि २०१४ मध्ये अमेरिकेनं ३० कोटी डॉलर देऊन तो मिटवला. आपल्या धुऱ्यावरचा माणूस त्या शेतकऱ्याशी स्पर्धा करतो.

एवढं बोललो, आता माझी चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय हा भाग पुरा होत नाही.

गेल्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव होता ८,११० रुपये. त्यासाठी दोन गोष्टी लागत होत्या, सातबाऱ्यावर कापसाची नोंद आणि मोबाइलवर नाव नोंदणी. आमच्या घरात स्मार्टफोन कोणाकडे? माझ्याकडे. बाबांनी दोनदा म्हटलं, "ते पीकपेऱ्याचं पाय रे बाप्पा." मी म्हटलं, पाहतो. मी तेव्हा ट्रम्पच्या टॅरिफवर सलग तीन भाग केले. तुम्ही ऐकलेत, शेअरही केलेत. पीक पाहणी मात्र राहून गेली. नोंद नाही म्हणून नोंदणी नाही, आणि बाबांनी २२ क्विंटल कापूस घरी आलेल्या व्यापाऱ्याला ६,९०० नं दिला. क्विंटलमागे बाराशे रुपयांचा फरक. प्रतीचं आणि ओलाव्याचं कापलं असतं तरी वीसेक हजार गेले. बाबा काही बोलले नाहीत. फक्त दिवाळीत स्वतःला नवे कपडे घेतले नाहीत.

टेक्सासवाल्यांच्या हातात हक्क अडीच वर्षं पडला नाही, कारण तो अडवून धरणारे मालक होते. आमच्या घरची बातमी कोणी अडवली? ती माझ्याच खिशात होती.

म्हणून आज जूनटीन्थच्या दिवशी माझं एकच मागणं. ज्याच्या घरी फोन तुमच्या हातात आहे, त्यानं आज रात्री जेवताना घरच्यांना तीन गोष्टी वाचून दाखवा. यंदाचा हमीभाव काय, पीक पाहणीची मुदत कधी, आणि बाहेरच्या कापसावर शुल्क आहे की नाही. ज्यांची सोयाबीन आहे त्यांनी ऐकू नका असं नाही, तुमचा भाव शिकागोकडे पाहतो. आणि शेजारी कोणाकडे असा फोन नसेल तर त्याचीही नोंद करून द्या. दहा मिनिटांचं काम आहे, रील पाहण्यापेक्षा कमी.

मी सकाळी वहीत तारीख लिहून ठेवली, आणि बाबांना दाखवली. ते म्हणाले, "लिवलं त ठीक हाय. केल्यावर सांगजो."

केल्यावर सांगीन, तुम्हालाही. उद्या भेटू. पाऊस येवो. राम राम.