घरच्या जाळ्याचा द्वारपाल



पाषाण-बाणेरच्या पलीकडे, मुळशी तालुक्यांत सूस हें गांव आहे. २०२१ सालीं तें पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत आलें. तेथील आमच्या इमारतीच्या दाराशीं पहारेकरी असतो. नांव व वेळ वहींत टिपल्यावांचून तो कोणास वर सोडीत नाहीं. परंतु ज्या बारीक तारेनें सारें जग आपल्या दिवाणखान्यांत येतें, तिच्या तोंडाशीं कोण उभें आहे, हें आपण क्वचितच विचारतों.

मला तें विचारावें लागलें तें आईमुळें. ती पडली-धडपडली तर समजावें म्हणून तिच्या खोलींत मीं एक स्वस्त कॅमेरा बसविला. त्याचा कारखान्यांतून आलेला संकेतशब्द बदलण्याचें मात्र राहून गेलें. २०१६ सालीं ‘मिराई’ नांवाच्या उपद्रवी प्रोग्रॅमनें अशींच लाखों उपकरणें वश करून त्यांच्याकडून दुसऱ्यांवर हल्ले करविले होते, हें पुढें वाचनांत आलें. त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं.

संकेतशब्द तर बदललाच; पण एक द्वारपालही नेमावयाचें ठरविलें. त्यास फायरवॉल म्हणतात. त्याचा नियम साधा: घरांतून कोणी विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर आलें तर आंत सोडावयाचें, न बोलावतां आलेल्यास बाहेरच ठेवावयाचें. साध्या राउटरमध्येंही ही सोय थोडीफार असते. परंतु कॅमेऱ्यास निराळें जाळें देणें, कोण कोठें गेलें याची नोंद ठेवणें आणि वर्षानुवर्षें दुरुस्त्या मिळत राहणें, हीं कामें स्वतंत्र यंत्र अधिक चांगलीं करतें.

त्यास नवें यंत्र लागत नाहीं. कचेरीनें मोडींत काढलेला ६४ बिटांचा संगणक, ८ गिगाबाइट स्मृति आणि लहानशी एसएसडी एवढें पुरे. त्यावर ‘ओपीएनसेन्स’ ही २०१५ सालीं निघालेली प्रणाली विनामूल्य बसवितां येते. खरा प्रश्न नेटवर्क कार्डाचा. दारें किमान दोन हवींत, एक बाहेरचें व एक घरचें. कॅमेऱ्यास वेगळें ठेवावयाचें तर तिसरें. जुन्या संगणकास बहुधा एकच असतें.

येथें मीं चूक केली. हातीं लागलें तें अगदीं स्वस्त कार्ड बसविलें. रहदारी वाढली कीं तें मुकें होई. एका संध्याकाळीं परदेशांतील माझी बहीण आईशीं बोलत असतां तिचें चित्र गोठलें, आणि त्या निश्चल चेहऱ्याला आई कितीतरी वेळ हात हालवीत राहिली. ही प्रणाली ‘फ्रीबीएसडी’वर उभी आहे व तींत इंटेलच्या कार्डांचे चालक दीर्घकाळ पारखले गेले आहेत. म्हणून सर्व्हरमधून निघालेलें, दोन दारांचें, इंटेलचें जुनें कार्ड घेतलें; तेव्हांपासून तक्रार नाहीं. घेतांना खांचा जुळते का, पट्टी आंखूड हवी कीं लांब, हें पाहावें. नकली मालही पुष्कळ असतो. यूएसबीला लटकणारीं दारें या कामीं टाळावींत.

जुना राउटर फेंकूं नये. बिनतारी संदेशापुरता तो ठेवावा. यंत्र ३० वॅट खात असेल, तर महिन्यास सुमारें २२ युनिट वीज लागते, हा खर्च मात्र धरावा.

आतां कॅमेरा तिसऱ्या दाराशीं आहे. त्यास बाहेर जाण्याची मनाई आहे. तथापि खोटा संदेश वाचून आपणच बँकेचा गुप्त आंकडा सांगितला, तर कोणताही द्वारपाल कांहीं करूं शकत नाहीं.

हें सारें मीं आईला अभिमानानें समजावून सांगितलें. ती म्हणाली, “बाहेरच्यांचें राहूं दे रे; खोलींत तो डोळा लावतांना तूं तरी मला विचारलें होतेंस का?” विचारलें नव्हतें. तेव्हांपासून ती सांगेल तेव्हांच तो चालतो. द्वारपाल नेमण्यापूर्वीं घरच्या माणसाचें मत घ्यावें, एवढें सांगून मी आपली रजा घेतों.